पंगत, वाढपी आणि ईपोल

समजा तुमच्या सर्व्हरला दहा हजार कनेक्शन्स जोडलेली आहेत. त्यातलं आत्ता कोण काय मागतंय, हे त्याला कळतं कसं?

१९८३ साली ४.२ बीएसडी युनिक्समध्ये 'सिलेक्ट' आला. त्याचं काम पंगतीतल्या वाढप्यासारखं. प्रत्येक पानापाशी थांबायचं, "काही हवंय का?" विचारायचं, पुढे सरकायचं. नंतरच्या 'पोल'चीही तीच तऱ्हा. पन्नास पानांना ठीक आहे हो, पण हजारो पानं असली आणि बहुतेक मंडळी नुसती गप्पा मारत बसली असली, तर वाढपी थकणारच! १९९९ मध्ये डॅन केगेलने या दुखण्याला 'सी१०के' हे नाव दिलं. २००० साली फ्रीबीएसडीत जोनाथन लेमनचा 'केक्यू' आला आणि २००२ साली लिनक्सच्या २.५ मालिकेत दाविदे लिबेन्झीचा 'ईपोल'. आता ज्याला हवं त्याने हात वर करायचा.

लिबेन्झीने आपल्या चाचणीत मुद्दाम ढिगाने निष्क्रिय कनेक्शन्स ठेवली होती. ईपोल अर्थातच जिंकला. पण २००४ च्या ओटावा लिनक्स सिंपोझियममध्ये वॉटर्लू विद्यापीठाच्या मंडळींनी निष्क्रिय कनेक्शन्स काढून मोजलं, तर तिघेही जवळपास बरोबरीत! सगळेच सतत जेवत असतील तर फेरी मारणारा वाढपी काय वाईट? शिवाय ईपोलमध्ये नावनोंदणीचे सिस्टिम कॉल्स वेगळे.

मग डेटाबेसचं काय? पोस्टग्रेसमध्ये दर कनेक्शनला स्वतंत्र प्रोसेस, आणि ती दोन-तीन गोष्टींचीच वाट बघते. म्हणजे ईपोलचा उपयोग शून्य, असं वाटेल. पण २०१५ मध्ये एक साधा बदल झाला: मुख्य प्रोसेस मेली तर रिकाम्या बसलेल्या प्रोसेसनीही बाहेर पडावं. त्यासाठी प्रत्येक प्रोसेस दर वेळी वाट बघताना एकाच सामायिक पाइपवर नाव नोंदवू लागली. मोठ्या लिनक्स मशीन्सवर कर्नेलमध्ये त्या एका पाइपसाठी झुंबड उडाली. एका उदाहरणात वेग जवळपास तिपटीने घसरला! २०१६ च्या ९.६ आवृत्तीत नोंदणी एकदाच करून ठेवायची सोय झाली, लिनक्सवर ईपोल वापरून.

म्हणजे ईपोल इथेही कामी आला, पण वेगळ्याच कारणाने. लिबेन्झीच्या आलेखात हे कारण सापडलं नसतं, आणि लहान मशीनवर मोजणाऱ्याला हा घोटाळा बहुधा दिसलाही नसता. तेव्हा मंडळी, कुणी बेंचमार्कचा आलेख पुढे केला की आधी दोन गोष्टी विचारा: निष्क्रिय कनेक्शन्स किती होती, आणि मशीन केवढं होतं?