दंड आणि जखम
दंड सरकारच्या तिजोरीत जावा आणि जखम मात्र जखमीच्याच वाट्यास यावी, हा न्याय पुरा म्हणावा काय? १८९८ च्या फौजदारी कायद्याच्या ५४५ व्या कलमाने दंडातून भरपाई देण्याची मुभा न्यायालयांस दिली. १९७३ च्या संहितेने ती राखली. त्याच साली ठाणे खाडीवरील पूल खुला होऊन नवी मुंबईची रहदारी वाढू लागली. परंतु अपील झाल्यास त्याच्या निकालापूर्वी ही रक्कम जखमीच्या हाती पडत नसे. रक्तस्राव तेवढा धीर कोठून धरणार? १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने आधी उपचार, मग सोपस्कार, असे ठरविले. २०२५ च्या योजनेने मोटार अपघातातील जखमीस सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, रोख पैशांवाचून उपचार देऊ केले. दंड अपराधाचा हिशेब चुकविते वेळी येतो. प्राण वाचविण्यास आधीच भरलेली तिजोरी लागते.