पळसाच्या रंगाचं गोत

आमची आजी पळसाला ‘पयस’ म्हणायची. फाल्गुनात परतवाड्याहून मेळघाटाकडे निघालं की पानं झडलेली ही झाडं नुसत्या फुलांवर उभी दिसतात. धुळवडीच्या आदल्या रात्री आजी ती फुलं गंजभर पाण्यात उकळायची. सकाळी पाणी फिकट केशरी झालेलं असे. मग ती म्हणायची, ‘‘चुन्याची चिमूट टाक, मंग पाह्य रंग कसा चढते.’’ चिमूट पडली की डोळ्यांदेखत पाणी गडद होई.

त्या चिमटीत काय घडतं ते कळायला मला एम.एस्सी.चं वर्ष उजाडावं लागलं. पळसाच्या फुलात ब्युट्रिन आणि आयसोब्युट्रिन अशी दोन सख्खी भावंडं असतात. पहिलं जवळजवळ बिनरंगी, दुसरं केशरी. चुन्याचा क्षार लागला की बिनरंगी रेणूतलं एक कडं उघडतं आणि त्याचंही केशरी भावंड होतं. या केशरी कुळाचं नाव चाल्कोन. आजी दर होळीला गंजात चाल्कोन करत होती.

हे नाव १८९९ साली कोस्टानेकी आणि टाम्बोर या रसायनशास्त्रज्ञांनी ठेवलं. त्यामागे तांब्या-काशासाठीचा ग्रीक शब्द आहे, म्हणून खरं तर आरंभीचा ‘च’ हा ‘क’ म्हणायला हवा. पण अमरावती-अकोल्याच्या प्रयोगशाळांत सगळे चाल्कोनच म्हणतात आणि मीही तसंच म्हणतो. पुढे १९०४ साली इंग्लंडातल्या लीड्समध्ये हमेल आणि पर्किन यांनी पळसाच्या फुलातलं रंगद्रव्य वेगळं काढून तपासलं. त्यातल्या चाल्कोनचं नाव ब्युटीन. हा पर्किन म्हणजे आर्थर जॉर्ज, पहिला कृत्रिम रंग मोव्ह बनवणाऱ्या विल्यम पर्किनचा मुलगा. हमेल तर रंगाईचेच प्राध्यापक. ते दोघे पळसाकडे औषध म्हणून पाहत नव्हते, कापड रंगवायला काय मिळतं एवढाच त्यांचा प्रश्न होता. भारतात या कुळाचा अभ्यास रुजवणाऱ्यांत के. वेंकटरामन हे मोठं नाव. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले भारतीय संचालक, आणि तेही रंगांचेच जाणकार.

वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत चाल्कोन का रमलं, याचं उत्तर मला साधं वाटतं. त्याला महागडं उपकरण लागत नाही. अमरावतीचं व्हीएमव्ही, १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालेलं, किंवा अकोल्यातलं कोणतंही विज्ञान महाविद्यालय घ्या. दोन रसायनं अल्कोहोलात विरघळवायची, त्यात पोटॅशचं तीव्र द्रावण घालायचं, रात्रभर ठेवायचं. दुसऱ्या दिवशी बर्फ आणि आम्लात ओतलं की पिवळी साय खाली बसते. चुन्याचं काम इथे पोटॅश करतं. रेणूच्या एका टोकाला क्लोरीन बसवा, दुसऱ्यावर मिथॉक्सी, की नवा चाल्कोन तयार. त्यापासून पुढे फ्लॅव्होन, पायराझोल, आयसोक्साझोल अशी आणखी रसायनं. पीएच.डी.चा विद्यार्थी वर्षभरात अशा वीस-पंचवीस पुड्या करतो. पुडी झाली की प्रश्न येतो: हिचा उपयोग काय? मग ती कुरियरने खारघरला जाते.

खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं अॅक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. बाहेरून आलेली रसायनं आणि वनस्पतींचे अर्क कर्कपेशींवर तपासून देणारी सोय तिथे आहे. चाचणीचं नाव एसआरबी. छोट्या ९६ वाट्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये माणसाच्या कर्कपेशी पेरायच्या. एक दिवस त्यांना रुजू द्यायचं. मग आपलं रसायन मिलिलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम असं चढत्या प्रमाणात घालायचं आणि ४८ तास थांबायचं. नंतर थंड आम्लाने पेशी जागच्या जागी चिकटवायच्या आणि सल्फोऱ्होडामाइन-बी नावाचा गुलाबी रंग ओतायचा. हा रंग प्रथिनांना धरतो. जिथे पेशी वाढल्या ती वाटी गडद, जिथे वाढ थांबली ती फिकी. यंत्र तो गुलाबीपणा मोजतं. तुलनेला शेजारच्या वाट्यांत अॅड्रियामायसिन हे प्रस्थापित औषध असतंच.

ही चाचणी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत घडली आणि १९९० साली प्रसिद्ध झाली. त्याआधी हजारो वनस्पतींचे अर्क रक्ताचा कर्करोग दिलेल्या उंदरांवर तपासले जात. त्याच वाटेने नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांना १९६६ साली कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली टॅक्सॉलची रचना गवसली. अंगणातल्या सदाफुलीचा किस्सा त्याहून वेगळा आहे. ती कॅनडात मधुमेहासाठी तपासली जात होती. उंदरांच्या रक्तातली साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन पुढे आलं, आणि सदाफुलीचंच व्हिन्क्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगाच्या लहानग्यांना दिलं जातं.

प्लेटमधल्या पेशींनाही गोत्र आहे, आणि मला या कथेत तोच भाग सर्वांत जवळचा वाटतो. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची ३० वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री, पाच लेकरांची आई, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दाखल झाली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या वाढत राहिल्या. माणसाच्या पेशी बाहेर अशा अखंड वाढण्याची ती पहिलीच वेळ. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरात गेली. त्या पेशींना हेला म्हणतात, आणि आपल्या कितीतरी पुड्या त्यांच्यावर तपासल्या गेल्या आहेत.

याच जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी वाढवायची विद्या शिकायला पुण्याची एक मुलगी गेली. कमल समर्थ, लग्नानंतर रणदिवे. हुजूरपागेत शिकलेल्या, फर्ग्युसनच्या पदवीधर. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. केली, मग बाल्टिमोर. परतल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, देशातली अशी पहिलीच. त्याच संस्थेचा संसार पुढे खारघरला गेला. म्हणून अकोल्याची पुडी ज्या प्लेटमध्ये पडते, तिची विद्या बाल्टिमोरहून एका मराठी बाईच्या हातून आली असं मी वर्गात सांगतो, आणि सांगताना दर वेळी मन भरून येतं.

आता अहवालाचं. त्यात जीआय-५० नावाचा आकडा असतो: पेशींची वाढ निम्म्यावर आणायला किती रसायन लागलं. शुद्ध रसायनाला १० मायक्रोग्रॅम किंवा कमी, अर्काला २० किंवा कमी, तर दखल घ्यायची. बहुतेक वेळा समोर ‘८० पेक्षा जास्त’ असं येतं आणि पोराचा चेहरा उतरतो. कधी आकडा चांगला येतो, आणि घरचे विचारतात, औषध कधी निघणार?

इथे चाल्कोनचा स्वभाव सांगावाच लागतो. त्याच्या मधल्या साखळीत एक भुकेला दुहेरी बंध असतो. तो प्रथिनातला गंधक दिसला की धरतो. कर्कपेशीतलं प्रथिन असो की यकृताच्या धडधाकट पेशीतलं, त्याला फरक पडत नाही. त्यामुळे प्लेटमध्ये चाल्कोन पराक्रमी दिसणं फार अवघड नाही. वऱ्हाडात हे समजावायला बिब्बा पुरतो. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, कातडी भाजून काढतं. पण तेवढ्यावरून ते गाठीवरचं औषध ठरत नाही. त्यासाठी प्रयोग लागतात, आणि बिब्ब्याच्या अर्काचे उंदरांतल्या गाठींवरचे असे प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाले. वैद्यांनी बिब्ब्याला आधी गोमूत्रात, मग विटेच्या चुऱ्यात शुद्ध करायचं ठरवलं ते त्याच्या या भाजणाऱ्या दाहामुळेच. ब्युटीनवरही स्तनाच्या कर्कपेशींत पुष्कळ काम झालं आहे. औषध मात्र त्याचं अजून झालेलं नाही.

म्हणून चांगला आकडा आला की मी पहिला प्रश्न एकच विचारतो: निरोगी पेशींवर पाहिलंस का? त्या चाचणीचे पैसे वेगळे पडतात आणि शोधप्रबंधाला ती सक्तीची नसते, तेव्हा पुष्कळदा उत्तर नाही असं येतं. गेल्या वर्षी एका मुलीने मात्र विद्यावेतनातून पैसे बाजूला काढून ती करून घेतली. तिचं रसायन निरोगी पेशींनाही तितकंच मारत होतं. तिने ते प्रबंधात जसंच्या तसं छापलं, पान आणि तक्त्यासकट, आणि दुसऱ्याच आठवड्यात मिथॉक्सीची जागा बदलून नवा फ्लास्क लावला.