पेटंट-दाव्यांचा दुरुपयोग

दुबळ्या किंवा वाजवीपेक्षा ताणलेल्या पेटंट हक्काच्या जोरावर प्रतिस्पर्ध्याला अडवण्यासाठी अथवा तडजोडीची रक्कम उकळण्यासाठी दिलेली धमकी वा केलेला दावा. सॉफ्टवेअरची मोघम शब्दांतली पेटंटे विकत घेऊन केवळ दावे लावणाऱ्या कंपन्यांमुळे अमेरिकेत हा प्रश्न वाढला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये (ईबे खटला) उल्लंघन सिद्ध होताच मनाईहुकूम आपोआप मिळण्याची प्रथा थांबवली.

भारतात पेटंट अधिनियम, 1970 (पहा : पेटंट) मधील कलम 106 नुसार निराधार धमकी मिळालेल्यास मनाईहुकूम व नुकसानभरपाई मागता येते, पेटंट असल्याची नुसती सूचना धमकी ठरत नाही. प्रतिवादी पेटंट रद्द करण्याचा प्रतिदावाही करू शकतो (कलम 64). तसे झाल्यास प्रकरण उच्च न्यायालयाकडे जाते, अभनपुरच्या (जि. रायपूर) उत्पादकाचे असे प्रकरण बिलासपूरच्या उच्च न्यायालयात चालेल. छोट्या कारखानदाराला खरा जाच होतो तो लांबणाऱ्या अंतरिम मनाईचा.

अशा मनाईचे महत्त्वाचे उदाहरण पुण्याच्या बजाज ऑटोचे. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असलेल्या इंजिनाच्या आपल्या पेटंटावरून 2007 मध्ये बजाज व प्रतिस्पर्धी कंपनी टीव्हीएस यांनी मद्रास उच्च न्यायालयात परस्परांवर दावे लावले. टीव्हीएसचा दावा निराधार धमकीचा होता. फेब्रुवारी 2008 मध्ये टीव्हीएसच्या ‘फ्लेम’ मोटारसायकलवर मनाई आली, मे 2009 मध्ये ती उठली. 16 सप्टेंबर 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अशा दाव्यांची रोज सुनावणी घेऊन सामान्यतः चार महिन्यांत अंतिम निकाल द्यावा, असा आदेश दिला (पहा : मनाईहुकूम). मूळ वाद मात्र 2019 मध्ये तडजोडीने मिटला.