झाडीपट्टीतील उरला धागा

ज्या घरात विणकामाच्या सुया आहेत, त्या घरात उरलेल्या लोकरीचे एखादे गाठोडेही असतेच. स्वेटर पूर्ण होतो, दोन-चार गुंडे शिल्लक राहतात आणि त्यांतून तान्ह्या बाळाचे टोपडे किंवा पायमोजे तयार होतात. या कामाला आपण गृहिणीची काटकसर म्हणतो व विसरून जातो. परंतु चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत उरलेल्या धाग्याला फार मोठा इतिहास आहे. येथील धागा लोकरीचा नाही, कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा आहे. आणि उरल्यासुरल्यातून वस्त्र घडविणे हा येथे फावल्या वेळचा विरंगुळा नव्हता, अनेक कुटुंबांच्या पोटाचा तो आधार होता.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोपर्यंत हा सारा मुलूख एकाच चांदा, पुढे चंद्रपूर, जिल्ह्यात मोडत असे. या झाडीपट्टीत ऐन आणि अर्जुन हे वृक्ष विपुल आहेत व त्यांच्या पानांवर टसरचा किडा वाढतो. तुतीच्या रेशीमकिड्याप्रमाणे तो घरात पाळता येत नाही. तो उघड्या रानात, झाडावरच मोठा होतो. आरमोरीच्या परिसरातील ढिवर समाज परंपरेने मासेमारी करणारा. त्यानेच हे कामही पिढ्यानपिढ्या केले. पक्षी, मुंग्या व गांधीलमाशा यांपासून किड्यांची रात्रंदिवस राखण करावी, तेव्हा कुठे कोश हाती येतात. आरमोरी आणि नागभीड येथील कोष्टी विणकरांच्या मागांवर त्यांचे कापड होई.

आता उरल्या धाग्याकडे वळू. सगळेच कोश विणकराकडे पाठविले, तर पुढील पिकाला बीज राहणार नाही. म्हणून काही कोशांतून पतंग बाहेर पडू द्यावे लागतात. पतंग आपल्या स्रावाने कोशाचे टोक मऊ करतो आणि तंतू बाजूला सारून बाहेर येतो. तो काही खात नाही. थोडे दिवस जगतो. मादी सुमारे दोनशे अंडी घालून आपले आयुष्य संपविते. मागे राहतो तो भोक पडलेला कोश. त्यातून सलग तार निघत नाही. परंतु तो कोणी फेकून दिला नाही. स्त्रियांनी तो शिजवून मऊ केला व हाताने ओढून त्याचा जाडाभरडा धागा काढला. कोशाच्या व्यापारात या धाग्याला घिचा म्हणतात. चांगल्या कोशाची तार काढताना जो गुंता उरतो, त्यापासून कटिया होतो. कोश ज्या कठीण देठाने फांदीला लटकतो, त्या देठापासूनही सूत काढतात. उरलेल्या प्रत्येक अंशाला स्वतंत्र नाव असावे, यावरूनच त्याची किंमत कळून येते.

मात्र या काटकसरीचे मोल स्त्रियांनी आपल्या देहाने चुकविले. टसरचा धागा पूर्वापार उघड्या मांडीवर घासून वळला जात असे. त्वचा सोलवटे, आणि मजुरी तुटपुंजी मिळे. या त्रासातून सुटका व्हावी, म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने अलीकडे ‘बुनियाद’ नावाचे धागा काढण्याचे यंत्र प्रसारात आणले.

मजुरीचा हा प्रश्न सुती धाग्याच्या बाबतीत याआधीच उभा राहिला होता. १९२५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय चरखा संघाने १९३५ मध्ये असे ठरविले, की सूत कातणाऱ्या स्त्रीला आठ तासांच्या कामाचे निदान पोटापुरते वेतन मिळालेच पाहिजे. खादी त्यामुळे महाग होणार, हे दिसत असतानाही हा निर्णय झाला. पुढच्याच वर्षी, १९३६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच चांदा जिल्ह्यातील सावली या गावी भरले व गांधीजी तेथे राहिले. अरण्याच्या कडेवरील हे खेडे खादीकामासाठी निवडलेले होते. स्वस्त कापड हवे की कातणारीला पोटभर अन्न, हा प्रश्न तेथे केवळ चर्चेचा नव्हता. तो दारातच बसलेला होता.

आज विदर्भातील करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन लाभले आहे. तिच्या काठावरील करवतीच्या दात्यांसारखी नक्षी विणकराचे कसब सांगते, आणि तिची वाखाणणी होते ती योग्यच होय. परंतु घिच्याच्या कापडातील जाडेभरडेपणा व मधूनमधून येणाऱ्या गाठी मात्र ग्राहकाला दोष वाटतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवून तो भाव पाडतो. वास्तविक त्या गाठी एवढेच सांगतात, की या कोशातील जीव बाहेर पडला, त्याने पुढच्या पिकाची तरतूद केली आणि मागे उरलेले कोणा स्त्रीने आपल्या हातांनी पुन्हा कामी आणले. असे वस्त्र घेताना तिच्या कष्टाचा दाम पुरता मोजला जावा. उरलेल्या धाग्याचे काम करणारीच्या वाट्याला उरलेली मजुरी येऊ नये.