घरीं हिरवा, शाळेंत क्रूस

पूर्वीच्या ठाणें जिल्ह्याच्या आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोंकास डहाणू व तलासरी हे दोन तालुके आहेत. समुद्राच्या बाजूस चिकूच्या वाड्या व पारशी-इराणी बागाइतदारांची वस्ती. रेल्वेचा रूळ ओलांडून पूर्वेस वळलें कीं वारल्यांचे पाडे लागतात. या पाड्यांतील मुलें ज्या शाळांतून शिकलीं, त्यांत जेझुइट धर्मगुरूंचें तलासरी येथील ज्ञानमाता सदन हें एक होय. ज्ञानमाता या शब्दांत कॅथॉलिकांस मरियामाता दिसते. इतर मराठी माणसास सरस्वती आठवते. त्या एका नांवांतच पुढील सर्व प्रश्न सांठविलेला आहे. घर कॅथॉलिक नाहीं, शाळा कॅथॉलिक आहे. सकाळच्या प्रार्थनेस मूल हात जोडून उभें राहतें, नाताळांत गव्हाणी सजवूं लागतें. या उभें राहण्याचा अर्थ काय, आणि तो ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

हा प्रश्न किनाऱ्यावर पोर्तुगीज होते तेव्हां उद्भवला नाहीं. डहाणू-तारापूरचे किल्ले त्यांच्या ताब्यांत होते व ते १७३९ च्या मोहिमेंत मराठ्यांनीं जिंकले. परंतु मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती गांवांची दाट वस्ती दक्षिणेस वसईभोंवतींच राहिली. डोंगराकडील वारली आपल्या हिरव्याला, नारणदेवाला, वाघ्याला आणि धान्याची देवता जी कणसरी तिला भजत राहिला. त्याच्या धर्माला ना ग्रंथ, ना संस्थापक, ना बाहेर घालविण्याचा विधि. लग्नांत भिंतीवर पालघाटाचा चौक लिहिला जातो व धवलेरी गाणें म्हणून लग्न लावते. चैत्री पौर्णिमेस विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा भरते, तेथें वारल्यांबरोबर इतर जातीही येतात. कोणी कोणास 'तूं कोणत्या धर्माचा' म्हणून विचारीत नाहीं. दुसऱ्याच्या देवापुढें नमणें हें अशा माणसास आपला देव सोडणें वाटत नाहीं. तो शेजारधर्म वाटतो. ही गोष्ट ध्यानांत न घेतल्यामुळें शाळेच्या बाजूनें आणि शाळेच्या विरोधकांच्या बाजूनेंही पुष्कळ गैरसमज झालेले आहेत.

शाळा तेथें पोंचली ती कोणत्या परिस्थितींत, हेंही पाहिलें पाहिजे. सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३९ च्या आपल्या अहवालांत या भागांतील वेठीचें व कर्जाच्या गुलामगिरीचें चित्र सरकारपुढें मांडलें. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढून त्याच्या घरीं राबणाऱ्या जोडप्यास 'लग्नगडी' म्हणत. २३ मे १९४५ रोजीं तलासरीजवळील झरी या गांवीं किसान सभेची परिषद भरली व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगार नाकारली. त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें. अनुताई वाघ तेथें त्यांस मिळाल्या आणि पुढें तें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. बोर्डीचें हायस्कूल तर १९२० पासूनचें, व त्याला नांव एका पारशी बाईचें: सुनाबाई पेस्तनजी हकीमजी. म्हणजे या दोन तालुक्यांत शिक्षणाचा मक्ता एकट्या पाद्र्यांकडे केव्हांच नव्हता. तरी आंतल्या पाड्यांतील बापाला निवडीचें हें वैभव ठाऊक नसे. दोन वेळचें जेवण व निजावयास छप्पर देणारी जी शाळा जवळ असे, तीच त्याची शाळा.

मिशनच्या शाळेची धास्ती मुंबईकरांनीं शंभर वर्षें आधींच अनुभविली होती. १८३९ मध्यें डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेंतील पारशी तरुण धनजीभाई नौरोजी यांनीं बाप्तिस्मा घेतला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि पालकांनीं भराभर मुलें काढून घेतलीं. १८४३ मध्यें श्रीपत शेषाद्रि या ब्राह्मण मुलाचें प्रकरण उद्भवलें; त्यास पुन्हा जातींत घेण्यासाठीं बाळशास्त्री जांभेकर यांनीं सनातन्यांचा रोष पत्करिला. या दोन्ही गोष्टी प्रॉटेस्टंट शाळेंतल्या. परंतु धास्तीला पंथभेद ठाऊक नसतो. पुढें १८६९ मध्यें जेझुइटांचें सेंट झेवियर कॉलेज निघालें. हिंदु, पारशी व मुसलमान विद्यार्थी कॅथॉलिक शाळा-कॉलेजांत मोठ्या संख्येनें जाऊं लागले, तेव्हां कॅथॉलिकांस धर्मशिक्षण व इतरांस नीतिपाठ अशी विभागणी रूढ झाली. ही विभागणी धर्मभेद पाळणारी असली तरी तींत एक सभ्यपणा होता: कोणास कशांत घ्यावयाचें नाहीं हें आधींच ठरलेलें असे.

कायद्याचा विचार याहून हळू चालला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानें मिशनरी शाळांसही अनुदानाचें दार उघडें केलें, आणि तेथें कोणता धर्म शिकवितात याकडे सरकारनें पाहूं नये असें ठरविलें. इंग्लंडांत १८७० च्या शिक्षण कायद्यानें पालकांस आपलें मूल धर्मपाठांतून काढून घेण्याचा हक्क दिला. हिंदुस्थानांत १८८२ च्या हंटर आयोगानें याच धर्तीवर एक मार्मिक अट सुचविली: ज्या गांवीं त्या दर्जाची शाळा एकच असेल व तींत धर्मशिक्षण नित्यक्रमांत असेल, तेथें पालकांस आपलें मूल त्या पाठास न बसविण्याची मोकळीक असावी आणि म्हणून शाळेच्या इतर लाभांस त्यानें मुकूं नये. 'शाळा एकच असेल' या तीन शब्दांचें मोल शहरांत कळत नाहीं. तें तलासरीच्या डोंगरांत कळतें.

२६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेनें एक पाऊल पुढें टाकलें. अठ्ठाविसाव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमाप्रमाणें सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेंतील विद्यार्थ्यावर, त्याची आणि तो अज्ञान असल्यास पालकाची संमति असल्यावांचून, धर्मशिक्षणाची वा उपासनेची सक्ति करतां येत नाहीं. हंटरच्या अटींत बापानें 'नको' म्हणावयाचें होतें. घटनेंत त्यानें 'हो' म्हणेपर्यंत मूल मोकळें आहे. फरक मोठा आहे. मात्र ज्या बापाची सही म्हणजे आंगठा, आणि ज्यास प्रवेशाचा अर्ज शाळेचाच मनुष्य वाचून दाखवितो, त्याची संमति कितपत संमति म्हणावी? हा दोष शाळेचाही नव्हे, बापाचाही नव्हे. पण कागदावर तो दिसत नाहीं एवढें खरें.

प्रार्थनेच्या वेळीं केवळ उभें राहणें म्हणजे काय, याचा उलगडा १९८६ मध्यें निराळ्याच प्रकरणांत झाला. केरळांतील यहोवाच्या साक्षीदारांचीं तीन मुलें राष्ट्रगीतास आदरानें उभीं राहत, पण गात नसत. म्हणून त्यांस शाळेंतून काढलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें तीं मुलें निर्दोष ठरविलीं. उभें राहण्यांत आदर आहे, मौनांत श्रद्धा आहे, व दोन्हींस जागा आहे, असा त्या निकालाचा भावार्थ. वारली मूल मिशनच्या प्रार्थनेंत जें करतें त्याला याहून चांगली कायदेशीर व्याख्या मिळणें कठीण.

खरी अडचण प्रार्थनेंत येत नाहीं, ती प्रसादांत येते. मराठी मनास प्रसाद नाकारणें हा देवाचा अपमान, आणि तो कोणास न देणें हा माणसाचा. मिस्सेंत धर्मगुरु जी पवित्र भाकर देतात ती मात्र सामान्यतः कॅथॉलिकांसच. इतरांनीं जागेवर बसून राहावें. सर्व वर्ग उठून रांगेनें पुढें जात असतां जें मूल बाकावर राहतें, त्याला आपण परके आहों हें तेव्हां प्रथम उमगतें. बाहेरच्यास ही कठोरता वाटते. पण विचार केल्यास तिच्यांत मुलाचें रक्षणही आहे. जी वस्तु धर्म स्वीकारल्यावांचून मिळत नाहीं, ती शाळेच्या शिस्तीचा भाग म्हणून कोणाच्या मुखीं पडत नाहीं. माहीमच्या सेंट मायकेल चर्चांत १९४८ पासून दर बुधवारीं चालणाऱ्या नोव्हेनास किंवा वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेस हजारों हिंदु-पारशी जातात, मेणबत्त्या लावतात व आपापल्या घरीं परततात. तेथेंही मर्यादा हीच आहे.

चर्चनेंही आपली भाषा बदलली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वीं मिस्सा लॅटिनमध्यें होत असे, तेव्हां वारली मुलाला व त्याच्या कॅथॉलिक सोबत्याला ती सारखीच अगम्य होती. देशी भाषा आल्यावर शब्द समजूं लागले, आणि समजलेल्या शब्दाला होकार द्यावा कीं नाहीं हा प्रश्नही तेव्हांच आला. २८ ऑक्टोबर १९६५ च्या घोषणेंत परिषदेनें इतर धर्मांत जें सत्य व पवित्र आहे तें चर्च नाकारीत नाहीं असें सांगितलें; ७ डिसेंबरच्या घोषणेनें धर्माच्या बाबतींत सक्ति त्याज्य ठरविली. १९९८ मध्यें वसईचें स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाल्यावर डहाणू-तलासरी त्यांत गेले.

आणि शेवटीं दाखला. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशांत धर्माची अट नाहीं. वारली ख्रिस्ती झाला तरी वारलीच राहतो. अनुसूचित जातींची स्थिति निराळी आहे. तरी जातपडताळणीच्या वेळीं शाळेच्या जुन्या नोंदवहींतील एकेक अक्षर तपासलें जातें. म्हणून प्रवेशाच्या दिवशीं कारकून जेव्हां धर्म व जात यांचा रकाना भरूं लागतो, तेव्हां ज्या बापानें प्रार्थनेविषयीं, गव्हाणीविषयीं, क्रुसाविषयीं कधीं चौकशी केली नाहीं, तो पुढें वांकून विचारतो: तेथें काय लिहिलेंत?