कोलोनोस्कोपीनंतर पोटदुखी : गॅस की आतड्याला छिद्र?

कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठे आतडे तपासतात. ही तपासणी सहसा सुरक्षित असते. आतड्याची भिंत मात्र जेमतेम काही मिलिमीटर जाड असते. दुर्बिणीचा ताण, आत भरलेल्या हवेचा दाब किंवा पॉलिप काढताना बसलेला चटका यामुळे क्वचित तिला छिद्र पडते. नुसत्या तपासणीत हे हजारात एखाद्याला किंवा त्याहूनही कमी जणांना होते. मोठा पॉलिप काढल्यास धोका वाढतो.

त्रास कधी दिसतो?
बहुतेकदा तपासणी चालू असताना किंवा त्याच दिवशी. पॉलिप काढल्यावर कधीकधी दोन-चार दिवसांनीही दिसतो. मुळशीतील बरेच रुग्ण पुण्यात तपासणी करून त्याच दिवशी घरी येतात, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवणे गरजेचे आहे.

गॅस कसा ओळखावा?
गॅसचे दुखणे वारा सरल्यावर कमी होते. पुढील लक्षणे धोक्याची समजा :
- वाढत जाणारे, हालचाल केल्यावर किंवा खोकल्यावर जास्त जाणवणारे दुखणे
- पोट कडक होणे किंवा फुगत जाणे
- ताप, उलट्या, धाप, छातीत धडधड

घरी काय करावे?
खाणे-पिणे थांबवा. ओवा, सोडा, जुलाबाचे औषध किंवा वेदनाशामक गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. डिस्चार्ज कार्डावरील नंबरवर फोन करा, १०८ ला बोलवा. तपासणीचे कागद आणि चालू औषधे सोबत घ्या.

उपचार काय असतात?
निदानासाठी एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करतात. छिद्र लहान असून लगेच लक्षात आले, तर दुर्बिणीतूनच क्लिप लावून बंद करता येते. मग काही दिवस उपाशी ठेवून सलाईन आणि अँटिबायोटिक देतात. क्लिप नंतर आपोआप गळून पडते. तोपर्यंत एमआरआय करायचा असल्यास आधी सांगा. छिद्र मोठे असेल किंवा मळ पोटात पसरला असेल, तर ऑपरेशन लागते. कधी पोटावर शौचासाठी तात्पुरता मार्ग काढावा लागतो. उशीर जितका जास्त, तितकी ऑपरेशनची शक्यता जास्त.

निघण्यापूर्वी विचारा
पॉलिप काढला का, किती मोठा? रात्री फोन कोणाला करायचा? मोठा पॉलिप काढला असेल आणि घर ताम्हिणीकडे असेल, तर पहिली रात्र पुण्यातच नातेवाइकांकडे काढलेली बरी.