तळटीप : हळदीतला बेंजो

१२. ‘बेंजोवाल्याभोवती जमलेली पोरं’ : हा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. जपानमधील नागोया येथे १९१२ साली गोरो मोरिता यांनी बनवलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा भारतीय अवतार. लाकडी पेटीवर तारा, त्यांवर टाइपरायटरसारखी बटणे. डावा हात बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची नखी. पिकअप बसवून ॲम्प्लिफायरला जोडला की ताशाच्या कल्लोळातही गाण्याची चाल स्वच्छ ऐकू येते. म्हणूनच ठाणे, दिवा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यातल्या आगरी-कोळी हळदीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत त्याला एवढा मान. नाचता नाचता थांबून वादकाच्या बोटांकडे पाहत राहणारी जी पोरे लेखकाने रंगवली आहेत, त्यांची दाद मैफलीतल्या कुठल्याही दादेइतकीच जाणती आहे, असे आमचे ठाम मत आहे. अमेरिकेतले ब्लूग्रास संगीताचे रसिक अर्ल स्क्रग्ज (१९२४–२०१२) यांच्या तीन बोटांच्या वादनावर असाच जीव टाकतात. (त्यांचा बेंजो वेगळा : गोल, पडदा ताणून मढवलेला, लांब मानेचा, पाच तारांचा.) स्क्रग्ज यांच्या नावाने नॉर्थ कॅरोलिनातील शेल्बी गावी २०१४ पासून संग्रहालय आहे. आपल्याकडे रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला खरा, पण प्रत्यक्ष वादकांची नावे मिरवणुकीबाहेर क्वचितच पोचतात. वाचकांनी आपापल्या गावच्या जुन्या बेंजोवादकांची माहिती व ध्वनिफिती जपून ठेवाव्यात आणि आम्हाला कळवाव्यात. पुढील आवृत्तीत त्यांची नोंद घेऊ. — संपादक